नाव पोर्तुगीज, माती उत्तनची

खास प्रतिनिधी

नाव ऐकले की माणूस कळला, असे आपण सहज गृहीत धरतो. आडनावावरून जात, जातीवरून धर्म, धर्मावरून भाषा आणि भाषेवरून थेट निष्ठा, अशी साखळी मनात क्षणार्धात जुळते. ख्रिस्ती माणसाच्या बाबतीत ही साखळी अधिकच घट्ट असते. परेरा, डिसोझा, फर्नांडिस अशी आडनावे कानी पडली की हा माणूस मूळचा गोव्याचा असणार, घरात इंग्रजी किंवा कोंकणी बोलत असणार आणि मराठी मुलखाशी त्याचे नाते कामापुरतेच असणार, असे ठरवूनच पुढचे बोलणे सुरू होते. हिंदी चित्रपटांनी या समजुतीला दीर्घकाळ खतपाणी घातले. मुंबई, साष्टी आणि वसईच्या पट्ट्यात चार शतकांहून अधिक काळ मराठीच्या बोली बोलणारा कॅथलिक समाज नांदतो आहे, याची जाणीव खुद्द मुंबईकरांनाही अभावानेच असते.

याच समाजातल्या एका माणसाने लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगचे अध्यक्षपद भूषविले, सावरकरांच्या खटल्यात बचावाचे काम पाहिले, देशातल्या पहिल्या मध्यवर्ती कामगार संघटनेच्या उभारणीत वाटा उचलला आणि मुंबई महापालिकेच्या सर्वोच्च पदापर्यंत मजल मारली. त्यांचे नाव जोसेफ बाप्टिस्टा. टिळकांच्या वर्तुळात त्यांना काका बाप्टिस्टा म्हणत. माझगावच्या टेकडीवरच्या उद्यानाला त्यांचे नाव आहे. तेथे फिरायला येणाऱ्यांपैकी अनेकांना हे नाव कुणा पोर्तुगीज किंवा इंग्रज अधिकाऱ्याचे वाटले, तर त्यात नवल नाही. बाप्टिस्टा यांच्या वाट्याला आलेल्या विस्मरणाचे मूळ याच गैरसमजात आहे.

म्हातारपाखाडीतला मुलगा

जोसेफ बाप्टिस्टा यांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी मुंबईत माझगावच्या म्हातारपाखाडीत झाला. इंग्रजी कागदोपत्री या वस्तीचे नाव माथारपाकाडी असे काहीसे परके होऊन बसले असले, तरी पाखाडी हा किनारपट्टीच्या मराठीतला जुना शब्द आहे. कौलारू छपरे, लाकडी जिने, सज्जे आणि चौकात उभा क्रूस असलेली ही वस्ती आज माझगावच्या उंच इमारतींच्या गराड्यात कशीबशी टिकून आहे. बाप्टिस्टा यांचे वडील मूळचे भाईंदरजवळच्या उत्तनचे. समुद्राच्या काठी, मासेमारीवर जगणाऱ्या या गावातून हे कुटुंब मुंबईत आले.

या किनाऱ्याचा इतिहास ठाऊक असल्याशिवाय बाप्टिस्टा यांची गोष्ट नीट कळत नाही. गुजरातच्या सुलतानाने १५३४ मध्ये वसई आणि भोवतालचा मुलूख पोर्तुगीजांच्या स्वाधीन केला. त्यानंतरच्या काळात फ्रान्सिस्कन आणि जेझुइट धर्मगुरूंच्या प्रयत्नांनी येथील कोळी, कुणबी, भंडारी, सामवेदी ब्राह्मण अशा अनेक जातींतली कुटुंबे ख्रिस्ती झाली. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मगुरूचे किंवा धर्मपित्याचे पोर्तुगीज नाव घेण्याचा प्रघात होता. त्यामुळे एकाच गावातल्या, एकमेकांशी रक्ताचे नाते नसलेल्या घरांना एकच आडनाव मिळाले आणि सख्ख्या कुळांची आडनावे निरनिराळी झाली. घरातली बोली मात्र मराठीच राहिली. लग्नात उंबराच्या पाण्याचा विधी राहिला, बायकांच्या अंगावर लुगडे राहिले, उन्हाळ्यात मसाला कांडून बाटल्यांत भरण्याची रीत रुजली आणि भाताचे पहिले पीक चर्चमध्ये अर्पण करणारा आगेराचा सण साजरा होत राहिला.

चिमाजी अप्पांच्या फौजेने १७३९ मध्ये वसईचा किल्ला जिंकला. पोर्तुगीज सत्ताधीश निघून गेले. येथील ख्रिस्ती शेतकरी आणि मच्छीमार मात्र जागचे हलले नाहीत. त्यांना जायला दुसरा देशच नव्हता. पुढे साष्टी इंग्रजांकडे गेली आणि ही कुटुंबे कंपनी सरकारची प्रजा झाली. पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज अशा तीन राजवटी पाहिलेल्या या समाजाकडे प्रत्येक राजवटीने थोड्याफार संशयानेच पाहिले. पोर्तुगीजांच्या दृष्टीने ते एतद्देशीय होते, इतरांच्या दृष्टीने ते फिरंग्यांच्या धर्माचे.

दोन बिशपांची मुंबई

बाहेरून पाहणाऱ्याला मुंबईतले कॅथलिक म्हणजे एकसंध समाज वाटतो. बाप्टिस्टा वाढले त्या काळात वस्तुस्थिती अगदी उलट होती. मुंबईच्या कॅथलिकांवर धर्माधिकार कुणाचा, यावरून दीड-दोन शतके चाललेला वाद तेव्हा रंगात होता. पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील चर्चवर मिळालेला जुना अधिकार म्हणजे पाद्रुआदो. आणि रोमहून थेट कारभार पाहणारी यंत्रणा म्हणजे प्रोपागांडा. इंग्रजांनी १७२० मध्ये पोर्तुगीज धर्मगुरूंना मुंबई बेटातून बाहेर काढून कार्मेलाइट धर्मगुरूंना बोलावले. पुढे १७९४ मध्ये बेटातली चर्चे दोन्ही पक्षांत वाटली गेली. एकाच वस्तीत, एकाच गल्लीत राहणाऱ्या दोन कॅथलिक कुटुंबांचे बिशप वेगळे, चर्च वेगळे, असा प्रकार त्यातून सुरू झाला.

हा वाद केवळ कागदोपत्री नव्हता. माहीमच्या सेंट मायकेल चर्चच्या ताब्यावरून १८५३ मध्ये प्रोपागांडाचे बिशप हार्टमन आपल्या पाठीराख्यांसह चर्चमध्ये अडून बसले आणि बाहेर विरोधकांनी वेढा दिला. अखेर सरकारला मध्ये पडावे लागले. पोर्तुगाल आणि रोम यांच्यात १८८६ मध्ये करार झाला, मुंबईला आर्चबिशप मिळाला. पण दुहेरी व्यवस्था कायम राहिली. दमणच्या बिशपांकडे पाद्रुआदोची चर्चे आणि मुंबईच्या आर्चबिशपांकडे प्रोपागांडाची, अशी ती विभागणी होती. ती संपली १९२८ मध्ये. बाप्टिस्टा यांचे निधन १९३० मधले. म्हणजे दोन वर्षे वगळता त्यांचे सारे आयुष्य या दुभंगलेल्या समाजात गेले.

अशा दुभंगात गृहीतके फार लवकर मूळ धरतात. पाद्रुआदोच्या चर्चमध्ये जाणारा म्हणजे पोर्तुगीजांचा आणि गोव्याच्या धर्मगुरूंचा माणूस. प्रोपागांडाच्या चर्चमध्ये जाणारा म्हणजे इंग्रज सरकारच्या मर्जीतला, असे परस्परांबद्दल बोलले जाई. प्रत्यक्षात बहुतेकांच्या बाबतीत चर्चची निवड राजकारणावरून ठरत नसे. आजोबा ज्या चर्चच्या दफनभूमीत विसावले, त्याच चर्चमध्ये नातू जात असे. तरीही माणूस कोणत्या दारातून आत जातो, यावरून त्याची निष्ठा मोजण्याची सवय दोन्ही बाजूंना लागली होती.

नाव बदलून नाते सांगणे

या दुभंगाला रोजगाराच्या स्पर्धेची जोड मिळाली. एकोणिसाव्या शतकात रेल्वे, गोद्या आणि सरकारी कचेऱ्या वाढल्या, तसे गोवा आणि मंगळूरहून कॅथलिक तरुण मोठ्या संख्येने मुंबईत येऊ लागले. मुंबई-वसईच्या मूळच्या ख्रिस्ती कुटुंबांना तोवर पोर्तुगीज ख्रिस्ती असे संबोधले जाई. गोव्याची माणसेही पोर्तुगीज प्रजाच होती. नाव एक, आडनावे एकसारखी, धर्म एक. मग सरकारदरबारी फरक कळायचा कसा? इंग्रज सरकारचे जुने प्रजाजन म्हणून नोकऱ्यांवर आपला हक्क आधी, असे मूळच्या रहिवाशांचे म्हणणे होते.

राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला ५० वर्षे पूर्ण झाली त्या १८८७ सालचा मुहूर्त साधून या समाजाने ईस्ट इंडियन हे नाव स्वीकारले आणि बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशनची स्थापना केली. पोर्तुगीज हा शिक्का पुसण्यासाठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीची आठवण देणारे नाव घेतले. मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मराठीभाषक समाजाचे नाव ईस्ट इंडियन कसे, असा प्रश्न आजही अनेकांना पडतो; त्याचे उत्तर या साऱ्या घडामोडींत आहे. एका गैरसमजातून सुटण्यासाठी घेतलेल्या नावाने दुसरा गैरसमज जन्माला घातला. या समाजाची निष्ठा इंग्रज सरकारशीच असणार, हा तो गैरसमज.

बाप्टिस्टा तेव्हा २३ वर्षांचे होते. माझगावच्या सेंट मेरीज शाळेत त्यांचे शिक्षण झाले. नंतर पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून ते मुंबई इलाख्याच्या वन खात्यात नोकरीला लागले. शिकलेल्या ईस्ट इंडियन तरुणासाठी सरकारी नोकरी हा प्रतिष्ठेचा आणि सुरक्षिततेचा मार्ग होता. बाप्टिस्टा यांनी तो सोडला. ते इंग्लंडला गेले, केंब्रिजच्या फिट्झविल्यम हॉलमधून राज्यशास्त्राची पदवी घेतली, बॅरिस्टर झाले आणि शतक संपता संपता मुंबईला परतले. १९०१ मध्ये ते मुंबई महापालिकेवर निवडून आले आणि पुढे बरीच वर्षे त्यांनी शहराच्या कारभारात लक्ष घातले. वकिली आणि शासकीय विधी महाविद्यालयातले अध्यापन सोबत सुरूच होते.

टिळकांचे काका

टिळक आणि बाप्टिस्टा यांची मैत्री हा मराठी राजकारणातला एक विलक्षण योग आहे. टिळकांचे राजकारण गणेशोत्सव आणि शिवजयंतीच्या आधाराने उभे राहिले, हे सर्वज्ञात आहे. अशा नेत्याच्या अगदी आतल्या गोटात एक कॅथलिक बॅरिस्टर असेल, अशी कल्पनाही आज सहजासहजी केली जात नाही. टिळकांचा जन्म १८५६ चा, बाप्टिस्टा त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान. तरीही काका ही उपाधी बाप्टिस्टांना मिळाली. मराठी घरात काका हा शब्द परक्याला लागत नाही. तो लावताच माणूस घरचा होतो.

राजद्रोहाच्या आरोपावरून १९०८ मध्ये टिळकांवर खटला झाला, तेव्हा त्यांच्या कायदेशीर मदतीला उभ्या राहिलेल्या वकिलांत बाप्टिस्टा होते. त्या खटल्यात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप करून आपला संताप व्यक्त केला. दोन वर्षांनी, १९१० मध्ये, नाशिक कटाच्या प्रकरणात विनायक दामोदर सावरकर यांच्यावर विशेष न्यायाधिकरणापुढे खटला चालला. सावरकरांच्या बचावाची धुरा सांभाळणाऱ्यांत बाप्टिस्टा अग्रभागी होते. त्या काळात अशा आरोपींचे वकीलपत्र घेणे म्हणजे सरकारचा रोष ओढवून घेणे होते. वरच्या जागांची, मानाच्या पदांची आशा असलेला बॅरिस्टर या वाटेला जात नसे.

हे दोन्ही खटले हरले गेले. तरीही त्यांतून एक गोष्ट ठळक झाली. हिंदू राष्ट्रवादाची वैचारिक मांडणी पुढे ज्यांनी केली, त्या सावरकरांच्या बाजूने न्यायालयात उभा राहिलेला वकील म्हातारपाखाडीतला कॅथलिक होता. आजच्या राजकीय चौकटीत ही गोष्ट बसवू पाहणाऱ्याची अडचण होते. तत्कालीन माणसांना मात्र धर्माची ओळख आणि देशाचा प्रश्न यांची सांगड घालण्याचे इतरही मार्ग दिसत होते.

बेळगाव ते वऱ्हाड

मंडालेच्या तुरुंगातून १९१४ मध्ये टिळक सुटले आणि राष्ट्रीय पक्षाची फेरबांधणी सुरू झाली. १९१५ च्या मे महिन्यात पुण्यात भरलेल्या राष्ट्रीय पक्षाच्या प्रांतिक परिषदेचे अध्यक्षपद बाप्टिस्टा यांच्याकडे आले. स्वराज्याची मागणी सनदशीर, सर्वांना समजेल अशा शब्दांत आणि ठोस स्वरूपात मांडण्याचा विचार तेथून पुढे गेला. २८ एप्रिल १९१६ रोजी बेळगाव येथे इंडियन होमरूल लीगची स्थापना झाली. अध्यक्ष जोसेफ बाप्टिस्टा आणि चिटणीस नरसिंह चिंतामण केळकर. टिळकांनी स्वतः कोणतेही पद घेतले नाही.

स्वराज्य हा जन्मसिद्ध हक्क असल्याची टिळकांची घोषणा शाळकरी मुलालाही पाठ असते. तिची शब्दरचना मुळात बाप्टिस्टा यांनी सुचविली, असे त्यांचे चरित्रकार आणि काही अभ्यासक मानतात. हे श्रेय कुणाचे, हा वाद सोडून दिला तरी घोषणेमागचा विचार दोघांनी मिळून घडविला, हे होमरूल लीगच्या कार्यावरून स्पष्ट होते.

लीगच्या कामाची वाटणी पाहण्यासारखी आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ॲनी बेझंट यांनी आपली स्वतंत्र लीग काढली. दोघांत संघर्ष नको म्हणून क्षेत्रे ठरली. मुंबई शहर वगळून महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा भाग टिळकांच्या लीगकडे आला. मुंबई शहरासह उर्वरित देश बेझंट यांच्याकडे गेला. म्हणजे माझगावच्या बाप्टिस्टांच्या अध्यक्षतेखालील संघटनेला खुद्द मुंबई शहराचे क्षेत्र नव्हते. पण अमरावती, अकोला, आजच्या वाशीम जिल्ह्यातला मुलूख त्यात मोडत होता. अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांसारखे नेते तेथे कामाला होते. एप्रिल १९१७ पर्यंत टिळकांच्या लीगची सभासदसंख्या १४ हजारांवर गेली. वऱ्हाडातल्या ज्या शेतकऱ्याने किंवा दुकानदाराने सभासदत्वाचा अर्ज भरला, त्याच्या संघटनेच्या अध्यक्षाचे नाव ख्रिस्ती होते. त्यावरून काम अडल्याचे दिसत नाही.

आयर्लंडचा आरसा

होमरूल हा शब्द आयर्लंडच्या चळवळीतून आलेला. आयर्लंड म्हणजे धर्मावरून राजकारण ओळखण्याच्या सवयीचे जगातले ठळक उदाहरण. तेथे कॅथलिक म्हटला की तो स्वायत्ततेच्या बाजूचा आणि प्रोटेस्टंट म्हटला की ब्रिटनशी एकनिष्ठ, असे मानले जाई. पुढे उत्तर आयर्लंडमध्ये तर माणसाचे नाव, शाळा, राहण्याची गल्ली यांवरून तो कुठल्या बाजूचा हे ठरू लागले आणि त्या ठरविण्याची किंमत अनेकांनी प्राण देऊन मोजली.

परंतु आयरिश होमरूल चळवळीचा पाया घालणारे आयझॅक बट आणि तिला शिखरावर नेणारे चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल, हे दोघेही प्रोटेस्टंट होते. कॅथलिकबहुल चळवळीचे नेतृत्व प्रोटेस्टंट माणसाने करावे आणि हिंदूबहुल चळवळीच्या लीगचे अध्यक्षपद कॅथलिक माणसाकडे असावे, यात एक साम्य आहे. बहुसंख्याकांच्या चळवळीत असा माणूस असला की ती एका धर्माची उरत नाही. आणि त्याच्या स्वतःच्या समाजालाही आपल्यासाठी दुसरी वाट खुली आहे हे दिसते.

काळाचा योगही लक्षणीय आहे. डब्लिनमध्ये ईस्टरच्या सोमवारी, २४ एप्रिल १९१६ रोजी सशस्त्र उठाव झाला. तो चालू असतानाच, चार दिवसांनी, बेळगावात सनदशीर मार्गाने होमरूल मागणारी संघटना जन्माला आली. आयर्लंडने होमरूलची आशा सोडून बंदूक हाती घेतली, त्याच आठवड्यात महाराष्ट्राने आयर्लंडचा जुना शब्द उचलला. पुढच्या वर्षी, १९१७ मध्ये, बाप्टिस्टा इंग्लंडला गेले आणि मजूर पक्षाच्या नेत्यांपुढे त्यांनी हिंदुस्थानच्या स्वराज्याची बाजू मांडली. केंब्रिजमध्ये शिकलेला, साहेबाच्याच धर्मातल्या येशूला मानणारा हा बॅरिस्टर स्वराज्य मागतो आहे, हे पाहून तेथील श्रोत्यांचीही काही गृहीतके ढासळली असतील. ही चळवळ काही असंतुष्ट ब्राह्मणांपुरती आहे, हा सरकारी प्रचाराचा आवडता मुद्दा होता. बाप्टिस्टा यांची उपस्थिती हेच त्याला उत्तर होते.

गिरणी, टपाल आणि महापालिका

टिळकांचे निधन १ ऑगस्ट १९२० रोजी झाले. राष्ट्रीय चळवळीची सूत्रे गांधीजींच्या हाती गेली. टिळकपक्षातल्या अनेकांप्रमाणे बाप्टिस्टा यांचाही कल सनदशीर राजकारणाकडे राहिला, त्यामुळे नव्या पर्वात ते काहीसे बाजूला पडले. त्यांनी आपली शक्ती कामगारांच्या प्रश्नाकडे वळविली. टपाल कर्मचाऱ्यांच्या संघटनेचे त्यांनी नेतृत्व केले. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली. लाला लजपत राय अध्यक्ष होते आणि उभारणीच्या प्रमुख शिल्पकारांत बाप्टिस्टा होते. पुढच्याच वर्षी झरिया येथे कोळसा खाणींच्या परिसरात भरलेल्या दुसऱ्या अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले.

कामगार चळवळीत धर्माची गृहीतके निराळ्या पद्धतीने आड येत. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातले मराठे, दलित, मुस्लिम विणकर यांचे खाते ठरलेले असे. पाणी पिण्याची भांडीसुद्धा वेगळी असत. अशा ठिकाणी सर्वांना एकत्र आणणारा माणूस कुणा एका गटाचा वाटून चालत नसे. बाप्टिस्टा कुणाच्याच जातीचे नव्हते, ही बाब येथे उपयोगी पडली असावी.

१९२५ मध्ये ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. महापौर हे नाव १९३१ मध्ये आले, पद तेच. शहराच्या प्रथम नागरिकाचा मान म्हातारपाखाडीच्या मुलाला मिळाला. १८ सप्टेंबर १९३० रोजी त्यांचे मुंबईत निधन झाले आणि शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली.

पोहरादेवीचा दाखला

नावावरून माणूस ओळखण्याची खोड काही एका समाजापुरती नाही. बाप्टिस्टा यांच्या लीगच्या क्षेत्रात जो वऱ्हाड होता, त्यातल्या वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यात पोहरादेवी हे गाव आहे. संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबा मातेचे मंदिर यांमुळे देशभरातले बंजारा या गावाला आपली काशी मानतात. रामनवमीच्या यात्रेला महाराष्ट्र, तेलंगण, कर्नाटक आणि आंध्रातून लाखो भाविक येतात. पंतप्रधानांच्या हस्ते ५ ऑक्टोबर २०२४ रोजी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले.

या यात्रेत एकमेकांना भेटणाऱ्या दोन भावंडांची सरकारी ओळख मात्र एक नसते. तेलंगण आणि आंध्रात बंजारा अनुसूचित जमातीत मोडतात, कर्नाटकात अनुसूचित जातीत आणि महाराष्ट्रात विमुक्त जातींत. बोली एक, दैवत एक, गाणी एक. कागद मात्र तीन. आडनावाचेही तसेच. नाईक म्हणजे तांड्याचा प्रमुख. या समाजातले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ अशी सलग ११ वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांचे गहुली गाव शेजारच्या पुसद तालुक्यातले. पण मुंबईत केवळ नाईक हे आडनाव ऐकणारा माणूस त्यांना कोकणातला किंवा गोव्याचा समजण्याचीच शक्यता अधिक. गोव्यात तर हेच आडनाव हिंदूंतही आढळते आणि ख्रिस्तीजनांतही. आडनाव हा पुरावा म्हणून किती लटका आहे, हे पोहरादेवीच्या पायरीवर आणि म्हातारपाखाडीच्या चौकात सारखेच लक्षात येते.

विस्मरणाचा हिशेब

बाप्टिस्टा विसरले का गेले, याची कारणे तपासली तर ती कुणा एकाच्या द्वेषात सापडत नाहीत. स्वातंत्र्यलढ्याचा इतिहास गांधीयुगाभोवती लिहिला गेला. बाप्टिस्टा त्याच्या आधीच्या पर्वातले. कामगार चळवळीचा इतिहास प्रामुख्याने डाव्यांनी लिहिला. बाप्टिस्टा कम्युनिस्ट नव्हते. टिळकचरित्रे पुष्कळ झाली, परंतु त्यांत टिळकांचा ख्रिस्ती सहकारी हा एखाद्या परिच्छेदाचा धनी ठरला. कॅथलिक समाजाच्या आठवणीत धर्मगुरू, शाळा आणि रुग्णालये यांना अग्रक्रम मिळाला. टिळकांच्या गोटातला बॅरिस्टर त्या यादीतही अवघडूनच उभा राहिला. प्रत्येकाने आपापल्या माणसांची नोंद ठेवली आणि एकाहून अधिक याद्यांत ज्याचे नाव यायला हवे होते, तो कुठल्याच यादीत ठळक राहिला नाही. कृ. रा. शिरसाट यांच्या चरित्रासारखे काही मोजके प्रयत्न झाले नसते, तर उद्यानाच्या पाटीपलीकडे त्यांचे फारसे काही उरलेही नसते.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातली ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही किंचित कमी आहे. जनगणनेच्या तक्त्यात ख्रिस्ती या एकाच रकान्यात वसईचा कुपारी शेतकरी, उत्तनचा कोळी, अहमदनगरकडचा मराठी प्रोटेस्टंट, केरळहून आलेली परिचारिका आणि गोव्याचा संगीतकार हे सारे येतात. रकाना सोयीचा असतो. त्यावरून माणसाबद्दल काढलेले निष्कर्ष बहुधा चुकतात.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. धाराशिवच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी २०१९ मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली, तेव्हा काहींनी त्यांच्या धर्मगुरू असण्यावरून आक्षेप घेतला. वसईच्या मातीत वाढलेल्या, 'सुवार्ता' मासिकाचे दीर्घकाळ संपादन केलेल्या आणि आयुष्यभर मराठीत लिहिलेल्या माणसाला मराठीपण सिद्ध करण्याची वेळ आली. जानेवारी २०२० मध्ये संमेलन पार पडले. दिब्रिटो यांचे जुलै २०२४ मध्ये निधन झाले. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापले गेले. तेव्हापासून मोजले तरी चारशे वर्षांत मराठी आणि ख्रिस्ती या दोन शब्दांची ओळख आपल्याला पुन्हा पुन्हा करून द्यावी लागते, हे फारसे भूषणावह नाही.

बाप्टिस्टा यांनी आपला धर्म लपविला नाही, तो सोडला नाही आणि त्याचे प्रदर्शनही मांडले नाही. आडनाव बदलून मराठी वाटणारे नाव घेण्याची गरज त्यांना वाटली नाही. टिळकांनाही ती वाटली नाही. समाजाने निष्ठेपोटी घेतलेले इंग्रजी नाव आणि पूर्वजांना मिळालेले पोर्तुगीज आडनाव, ही दोन्ही ओझी सोबत घेऊन ते स्वराज्याच्या व्यासपीठावर उभे राहिले. त्यांच्या पिढीतल्या काहींनी नाव न पाहता माणूस पाहिला, म्हणून त्यांना तेथे जागा मिळाली.

माझगावच्या टेकडीवर, जुन्या किल्ल्याच्या जागेवरचे ते उद्यान आजही माझगावकरांच्या विसाव्याची जागा आहे. तेथून गोदी दिसते आणि खाली म्हातारपाखाडीची उरलीसुरली कौले. उद्यानाच्या पाटीवर नावाखाली होमरूल लीगचे अध्यक्ष, कामगार नेते आणि मुंबईचे प्रथम नागरिक एवढे तीन उल्लेख ठळक मराठीत असावेत, ही अपेक्षा फार मोठी नाही. नाव वाचून थबकणाऱ्याला निदान त्या नावाचा माणूस कोण होता, हे कळेल.